३५७ बाइट्सच्या पायावर

देवनागरीतले एक अक्षरचिन्ह संगणकात साठवायला प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे ३५७ बाइट्समध्ये फार तर ११९ चिन्हे बसतात, काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजून. या परिच्छेदाचे दुसरे वाक्य संपण्याआधीच ते माप भरले. एप्रिल २०२३ मध्ये गीक्स या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने जाहीर केले, की आपली २२,००० हून अधिक पॅकेजेसची यंत्रणा, तीत कंपायलर आला, डेस्कटॉप आला, ब्राउझर आला, एवढ्याच आकाराच्या एका प्रोग्रामपासून सुरुवात करून सोर्स कोडमधून बांधता येते. युनिक्सच्या जन्मानंतर असे कुणी करून दाखवल्याचे प्रकल्पाच्या माहितीत नव्हते. आकडा नाट्यमय आहे आणि थोडा फसवाही. त्याला चिकटलेल्या अटी पुढे येतील. आधी हा खटाटोप कशासाठी, ते पाहायला हवे.

प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड आणि प्रोसेसर चालवतो ती बायनरी. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतो कंपायलर, आणि कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रामच. मुक्त सॉफ्टवेअरचा जवळजवळ सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो जीसीसी आज सी++ भाषेत लिहिला जातो. तो कंपाइल करायचा तर सी++ चा कंपायलर हाताशी हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी जीसीसीचीच आधीची आवृत्ती असतो. त्या आवृत्तीला तिच्या आधीची लागली होती. विरजणाशिवाय दही लागत नाही, आणि विरजण म्हणजे कालचे दहीच; घरात वर्षानुवर्षे चालत आलेल्या त्या वाटीचे मूळ कुठले, हे कुणी विचारत नाही. दह्याच्या बाबतीत न विचारून भागते.

ही साखळी कुठेतरी सुरू झालीच होती. १९५० च्या आसपास माणसे आकड्यांत लिहिलेल्या सूचना हाताने यंत्रात भरत. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ए-० ही प्रणाली उभी केली, तेव्हा त्या कामातला थोडा भार यंत्राने उचलला. १९६२ मध्ये एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला, आधीपासून असलेल्या लिस्प इंटरप्रिटरवर तो चालवला आणि त्याच्याकडून त्याचेच कंपायलेशन करून घेतले. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी बी भाषेचा पहिला कंपायलर टीएमजी नावाच्या साधनात लिहिला आणि तो चालू लागताच बी मध्येच पुन्हा लिहून काढला. बी मधून डेनिस रिची यांची सी घडली. एकदा नवा कंपायलर स्वतःला कंपाइल करू लागला, की ज्याच्या आधाराने तो उभा राहिला त्याची गरज संपे, आणि गरज संपलेली वस्तू जपून ठेवण्याची रीत प्रयोगशाळांत नव्हती. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसीची पहिली आवृत्ती आली. मुक्त सॉफ्टवेअरचा हा पहिला मोठा कंपायलरसुद्धा युनिक्स विकणाऱ्या कंपन्यांच्या बंदिस्त कंपायलरांच्या हातून जन्मला. दुसरा मार्गच नव्हता.

यात बिघडले काय, हे थॉम्प्सन यांनीच सांगितले. रिची यांच्यासोबत मिळालेल्या १९८३ च्या ट्युरिंग पुरस्काराचे त्यांचे व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये ‘रिफ्लेक्शन्स ऑन ट्रस्टिंग ट्रस्ट’ या नावाने छापले गेले. ते जेमतेम तीन पानांचे आहे, पण संगणक सुरक्षेवरच्या जाड ग्रंथांपेक्षा त्याचा दरारा मोठा. त्यातली युक्ती अशी. सी कंपायलरमध्ये दोन छुप्या तरतुदी घालायच्या. समोर आलेला सोर्स कोड युनिक्सच्या ‘लॉगिन’ प्रोग्रामचा आहे असे दिसले, तर तयार होणाऱ्या बायनरीत एक चोरदरवाजा ठेवायचा. समोर आलेला सोर्स कोड खुद्द सी कंपायलरचा असेल, तर या दोन्ही तरतुदी नव्या कंपायलरच्या बायनरीत गुपचूप उतरवायच्या. असा कंपायलर एकदा बांधून बसवला, की सोर्स कोडमधून दोन्ही तरतुदी पुसून टाकायच्या. आता सोर्स कोड कुणीही, कितीही बारकाईने तपासावा. त्यात काही नाही. कंपायलर पुन्हा बांधावा. चोर त्यातही उतरतो. ही कल्पना आपली नाही, अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परीक्षणातून ती आली, असेही थॉम्प्सन यांनी प्रांजळपणे नोंदवले. ते परीक्षण पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांचे, १९७४ चे.

पुष्कळ वर्षे लोकांनी हे एक तल्लख रूपक म्हणून वाचले. २०२३ मध्ये रस कॉक्स यांनी थॉम्प्सन यांच्याकडून तो मूळ कोडच मिळवला आणि भाष्यासह प्रसिद्ध केला. जेमतेम शंभर ओळींचा.

त्याच जातीचे हल्ले तोवर प्रत्यक्षातही होऊन गेले होते. २००९ मध्ये ‘इंड्युक’ नावाचा व्हायरस सापडला. तो डेल्फी या भाषेच्या कंपायलरसोबत येणाऱ्या एका मूलभूत फाइलमध्ये शिरायचा आणि त्या संगणकावर बनणारा प्रत्येक प्रोग्राम आपोआप बाधित व्हायचा. प्रोग्रामरच्या कोडमध्ये त्याचा मागमूस नसे. २०१५ मध्ये चीनमध्ये ॲप बांधण्याच्या ॲपलच्या एक्सकोड या साधनाची भेसळ केलेली प्रत पसरली. मूळ प्रत उतरवायला फार वेळ लागतो म्हणून अनेकांनी ती जवळच्या सर्व्हरवरून घेतली, आणि वीचॅटसारख्या ॲपच्या एका आवृत्तीतही ती भेसळ पोहोचली. २०२० मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोर कंपनीच्या बिल्ड सर्व्हरवर दबा धरून बसले होते: बिल्ड सुरू झाला की एक सोर्स फाइल बदलायची, बिल्ड संपला की पूर्ववत करायची. तिन्ही ठिकाणी सोर्स कोड वाचणाऱ्याला काही सापडले नसते.

मुक्त सॉफ्टवेअरची सगळी मांडणी मात्र सोर्स कोडवर बेतलेली. स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासूनचा आग्रह हा, की प्रोग्राम कसा चालतो ते वाचण्याचा, बदलण्याचा हक्क वापरणाऱ्याला हवा. जीपीएल परवाना बायनरीसोबत सोर्स कोड देणे बंधनकारक करतो. पण हातातली बायनरी त्याच सोर्स कोडमधून आली याची खातरजमा करायची कशी, आणि ती बांधणाऱ्या कंपायलरचे काय, याबद्दल परवाना काही सांगत नाही. चळवळीने हा प्रश्न निदान पंचवीस-तीस वर्षे बाजूला ठेवला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. तिच्यापुढे तेव्हा अधिक निकडीची कामे होती हेही खरे.

कंपायलर बांधणाऱ्यांना या वर्तुळाची जाणीव नेहमीच होती. जीसीसी तीन फेऱ्यांत बांधतात: बाहेरचा कंपायलर पहिला जीसीसी बनवतो, तो दुसरा बनवतो, दुसरा तिसरा बनवतो, आणि दुसरा व तिसरा तंतोतंत सारखे निघाले की काम फत्ते. पवईच्या आयआयटीतील जीसीसी रिसोर्स सेंटरने प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. त्यांना हजेरी लावलेल्यांना या फेऱ्या परिचित असतील. या तपासणीत कंपायलरमधल्या चुका पकडल्या जातात. थॉम्प्सन यांचा चोर पकडला जात नाही, कारण तो दुसऱ्यातही असतो आणि तिसऱ्यातही, तंतोतंत सारखा.

२०१३ च्या सुमारास टॉर ब्राउझर आणि डेबियन या प्रकल्पांतून एक मोहीम सुरू झाली: एकाच सोर्स कोडमधून कुणीही, कुठेही बांधले तरी बिटन्‌बिट तीच बायनरी निघाली पाहिजे. फाइलींत आपोआप शिरणाऱ्या तारखा, फोल्डरांची नावे, फाइलींचा क्रम, असल्या क्षुल्लक गोष्टींपायी दोन बिल्ड वेगळे निघत. त्या एकेक करून निस्तरल्या गेल्या. यामुळे सोलरविंड्ससारखा हल्ला लपणे कठीण झाले. पण जगभरातले सगळे बांधणारे एकाच बाधित कंपायलरने बांधत असतील तर सगळ्यांना सारखीच बाधित बायनरी मिळेल, आणि सारखेपणावरून मिळालेला दिलासा खोटा ठरेल. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये आणि मग २००९ च्या प्रबंधात यावर एक उतारा मांडला. संशयित कंपायलरचा सोर्स कोड दुसऱ्या, अगदी वेगळ्या कंपायलरने बांधायचा, त्यातून निघालेल्या कंपायलरने तोच सोर्स कोड पुन्हा बांधायचा, आणि अखेरची बायनरी संशयिताच्या बायनरीशी ताडून पाहायची. उपाय नामी आहे. त्याला विश्वासार्ह असा दुसरा कंपायलर मात्र लागतोच. तो आणायचा कुठून?

डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनला या मोहिमेचे कार्यकर्ते जमले असताना काहींनी हाच प्रश्न उचलला आणि ‘बूटस्ट्रॅपेबल बिल्ड्स’ हा वेगळा गट तयार झाला. त्यात गीक्सची माणसे पुढे होती, आणि त्याला कारण होते. डेबियनसारख्या जुन्या डिस्ट्रिब्युशनमध्ये आजचा जीसीसी कालच्या डेबियनवर बांधलेला असतो, कालचा परवाच्या. ही वंशावळ नव्वदच्या दशकात कुठेतरी धूसर होते. गीक्सचे तसे नाही. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्टमध्ये निक्स या पॅकेज व्यवस्थेतून मांडलेली कल्पना घेऊन ल्युदोविक कुर्तेस यांनी २०१२ मध्ये गीक्स सुरू केले. त्यात प्रत्येक पॅकेज बांधायला नेमके काय लागले, त्याला काय लागले, त्यालाही काय लागले, याचा अखंड आलेख असतो. नोंद नसलेली कुठलीच वस्तू बिल्डमध्ये येऊ शकत नाही. मग आलेखाच्या तळाशी काय आहे हे झाकता येत नाही. तिथे होत्या सुमारे २५० एमबीच्या तयार बायनरी: जीसीसी, लिंकर, सी लायब्ररी, बॅश, गाइल, आणि आणखी बरेच काही. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी यंत्रावर बांधलेले. इतरांकडेही एवढेच, किंबहुना अधिक होते. गीक्सने ते मोजले आणि मग त्याला ते खुपू लागले.

एवढा ऐवज कमी करायचा तर जीसीसी बांधू शकेल असा छोटा, वाचता येण्याजोगा कंपायलर हवा. नेदरलँड्सचे प्रोग्रामर यानेके न्यूवेनहाउझेन यांनी २०१६ मध्ये मेस हा प्रकल्प त्यासाठी हाती घेतला. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी एकदा लिस्पच्या जुन्या माहितीपुस्तिकेतल्या अर्ध्या पानाला, जिथे लिस्पची व्याख्या लिस्पमध्येच दिली आहे, सॉफ्टवेअरची मॅक्सवेल समीकरणे म्हटले होते. मेस हे नाव त्याच शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. त्याचे दोन भाग. साध्या सी मध्ये लिहिलेला स्कीम भाषेचा इंटरप्रिटर, काही हजार ओळींचा. आणि त्या स्कीममध्ये लिहिलेला सी कंपायलर, मेससीसी. दोघे एकमेकांना बांधू शकतात. पण दोघांपैकी एक आधी हवा, म्हणजे वर्तुळ लहान झाले तरी वर्तुळच राहिले.

ते वर्तुळ खालून फोडले जेरेमाया ओरायन्स यांच्या स्टेज-० या प्रकल्पाने. ओरायन्स आरंभबिंदूपासून, म्हणजे जवळजवळ काहीच नसण्यापासून, वर येत होते. पायऱ्या जरा सावकाश पाहण्यासारख्या आहेत, कारण या विषयाचा सगळा जीव तिथे आहे.

सर्वांत खाली हेक्स-०. तो फाइलमधले षोडशमान अंक वाचतो, दोन अंकांचा एक बाइट करतो आणि बाहेर टाकतो. टिपणे असतील ती वगळतो. बस्स. त्याचे काम कागद-पेन्सिल घेऊन माणूसही करू शकतो. त्याच्या ३५७ बाइट्सपैकीही काही, आपण चालवण्याजोगा प्रोग्राम आहोत हे लिनक्सला सांगणाऱ्या मथळ्यात खर्ची पडतात. हेक्स-० चा स्वतःचा सोर्स कोड म्हणजे त्याच बाइटांची यादी, प्रत्येक सूचनेपुढे ती काय करते याचे टिपण असलेली. ती फाइल हेक्स-० लाच वाचायला दिली की हेक्स-० बाहेर पडतो. इथे सोर्स कोड आणि बायनरी यांतले अंतर इतके कमी आहे की चोराला दडायला जागा उरत नाही.

हेक्स-० ने हेक्स-१ बांधायचा. यात एका अक्षराच्या खुणा वापरता येतात, म्हणजे उडी किती बाइट पुढे मारायची हे हाताने मोजावे लागत नाही. हेक्स-१ ने हेक्स-२. आता खुणांना पूर्ण नावे देता येतात. त्यावर एम-० हा छोटा असेंब्लर. एम-० च्या असेंब्ली भाषेत लिहिलेला एक सी कंपायलर, सी भाषेचा अगदी मोजका भाग समजणारा. त्याने एम२-प्लॅनेट बांधायचा; हा स्वतः त्या मोजक्या सी मध्येच लिहिलेला आणि थोडा अधिक समर्थ. एम२-प्लॅनेटने मेसचा इंटरप्रिटर बांधला आणि खालून येणारी वाट वरून येणाऱ्या वाटेला मिळाली. पुढे मेससीसी बांधतो टायनीसीसी. फाब्रिस बेलार यांचा हा चिमुकला कंपायलर मुळात मुद्दाम दुर्बोध सी लिहिण्याच्या स्पर्धेसाठी केलेल्या एका गमतीतून वाढला. मेससीसीला झेपावा म्हणून त्याचा सोर्स कोड जागोजागी सोपा करावा लागला. पहिल्या फेरीतला टायनीसीसी अर्धवट असतो. तो स्वतःला पुन्हा पुन्हा कंपाइल करतो, आणि दर फेरीत त्याला दशांश संख्या, मोठे पूर्णांक अशी एकेक गोष्ट येऊ लागते.

मग जीसीसी. पण कुठला? टायनीसीसीला आजचा जीसीसी झेपण्याची बातच नको. २०१३ मध्ये आलेल्या ४.८ या आवृत्तीपासून जीसीसी बांधायला सी++ लागते. निव्वळ सी कंपायलरने बांधता येणारी शेवटची मालिका ४.७ ची. गीक्सने त्याहून पुष्कळ मागे जाऊन २००१ च्या मार्चमधला २.९५.३ निवडला, त्याने ४.६.४ बांधला, आणि तिथून एकेक उडी घेत आजच्या जीसीसीपर्यंत मजल मारली. सोबतीला त्याच काळातली सी लायब्ररी आणि लिंकर. म्हणजे आजचे जग उभे करायचे तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कुणी न वापरणारे सॉफ्टवेअर जिवंत ठेवावे लागते. ज्या सर्व्हरांनी या जुन्या आवृत्त्या फुकटची अडगळ म्हणून पुसून टाकल्या नाहीत, त्यांचे उपकार या कामावर आहेत.

तळ एकदम गेला नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात जीसीसी, लिंकर आणि सी लायब्ररी यांची जागा मेसने घेतली आणि बायनरी निम्म्यावर, सुमारे १३० एमबीवर आल्या. २०२० च्या जूनमध्ये टिमथी सॅम्पल यांच्या गॅशने, म्हणजे स्कीममध्ये लिहिलेल्या शेलने आणि त्याच्या जोडीच्या साधनांनी, बॅश, सेड, ग्रेप, टार या सगळ्यांना तळातून हलवले. उरले ६० एमबी. तीन वर्षांनी मेसच्या बायनरीही गेल्या आणि हेक्स-० उरला.

सोपे करणे म्हणजे पायऱ्या कमी करणे, असा समज असेल तर इथे उलटे घडले. २५० एमबीच्या तयार बायनरी असताना पायरी एकच होती: ती फाइल उतरवा आणि कामाला लागा. आता तिथे कंपायलरांची रांग आहे, आणि काही कंपायलर अनेकदा बांधावे लागतात. वेळही अधिक लागतो. मेससीसी तर संथपणासाठी प्रसिद्ध आहे. तरीही हे सोपे झाले असे म्हणायचे, कारण खालची प्रत्येक पायरी एका माणसाने बसून वाचावी एवढीच उंच आहे. २५० एमबीची बायनरी कुणीही वाचू शकत नाही. ज्यांना हा बदल निव्वळ तांत्रिक हौस वाटतो त्यांनी एवढाच विचार करावा, की याआधी ‘सगळे सोर्समधून बांधले’ म्हणणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत ‘सगळे’ या शब्दाला गुपचूप अपवाद होता. १९९९ पासून हजारोंना आपली लिनक्स यंत्रणा हाताने बांधायला शिकवणाऱ्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या उत्तम पुस्तकातही पहिली अट हीच, की वाचकाकडे आधीच एक चालती लिनक्स यंत्रणा आणि कंपायलर असावा.

सोर्स कोड म्हणजे नेमके काय, यावरही या कामाने बोट ठेवले. मुक्त सॉफ्टवेअरच्या अनेक गठ्ठ्यांत ‘कन्फिगर’ नावाची एक स्क्रिप्ट असते, हजारो ओळींची. ती कुणी हाताने लिहिलेली नसते. ऑटोकॉन्फ ती तयार करतो. कोडची वाक्यरचना उलगडणारे पार्सर अनेकदा बायसन या साधनाने तयार केलेले असतात, आणि बायसनचा स्वतःचा पार्सरही बायसननेच. या फाइली वाचता येतात, पण वाचत कुणी नाही. लाइव्ह-बूटस्ट्रॅप या प्रकल्पाने त्यांनाही मज्जाव केला. तिथे अशा तयार फाइली आधी पुसतात आणि मग त्या बनवणारी साधने मुळापासून बांधतात. बायसन तीन फेऱ्यांत उभा राहतो. पर्लची सुरुवात १९९४ च्या ५.० आवृत्तीपासून होते आणि मधल्या कित्येक आवृत्त्या पार कराव्या लागतात. ऑटोकॉन्फच्या तर इतक्या आवृत्त्या बांधाव्या लागतात की बघणाऱ्याला ही थट्टा वाटावी.

थट्टा २९ मार्च २०२४ ला संपली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या डेबियन यंत्रावर एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असे जाणवले. माग काढत ते एक्सझेड या फाइली संकोचणाऱ्या साधनापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला, आणि तो चालू करणारी कळ प्रकल्पाच्या उघड्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, कन्फिगर स्क्रिप्ट घडवणाऱ्या एका फाइलमध्ये. बाकीचा ऐवज चाचणीसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींत दडवला होता. तयार फाइलींवर विसंबायचे नाही हा लाइव्ह-बूटस्ट्रॅपचा हट्ट त्या दिवसापासून कुणाला विक्षिप्तपणा वाटला नाही.

सी च्या पलीकडची प्रत्येक भाषा आपली स्वतंत्र गाठ घेऊन येते. गोचा कंपायलर २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून गोमध्येच लिहिला जातो, पण त्याआधीचा १.४ सी कंपायलरने बांधता येतो, आणि पुढच्या कुठल्या आवृत्तीला मागची कुठली लागेल हे प्रकल्पाने उघड ठरवून दिले आहे: १.२० ला १.१७, १.२२ ला १.२०. वागावे तर असे. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता. तो मागे पडला आणि त्यानंतर दर नव्या आवृत्तीला लगेच आधीची लागत गेली, म्हणजे शेकड्याने बिल्ड. जॉन हॉज यांनी सी++ मध्ये एमरस्टसी हा पर्यायी कंपायलर लिहून मधला मोठा पल्ला कापून टाकला. गीक्समधला रस्ट त्याच वाटेने येतो. जावाची गाठ रिकार्डो वुर्मुस यांनी सोडवली ती जुन्या बाजारात हिंडून: आयबीएमचा सी++ मधला जाइक्स कंपायलर, जीएनयू क्लासपाथ, जॅमव्हीएम, सगळे केव्हाच निवृत्त झालेले, आणि त्यांच्या मदतीने अखेर ओपनजेडीके.

आता त्या अटी. गीक्सच्या ३५७ बाइट्सच्या शेजारी अजूनही गाइल या स्कीम इंटरप्रिटरची एक तयार बायनरी बसलेली आहे, सुमारे २५ एमबीची. ती बिल्डच्या पायऱ्या क्रमाने चालवते. बांधलेल्या पॅकेजमध्ये तिचा अंश जात नाही, पण ती तिथे आहे आणि प्रकल्पाने ते लपवलेले नाही. शिवाय हे सगळे चालते लिनक्स कर्नलवर, जो आधीच कुणीतरी बांधलेला असतो. रिक मास्टर्स यांनी बिल्डर-हेक्स-० लिहून हीसुद्धा अडचण कमी केली. हा षोडशमान अंकांत लिहिलेला, नुसत्या यंत्रावर सुरू होणारा कर्नल. लाइव्ह-बूटस्ट्रॅप त्याच्यावर सुरू होऊन फिविक्स हा शिकण्यासाठी लिहिलेला छोटा कर्नल बांधते आणि त्यावरून लिनक्सपर्यंत जाते. त्याखाली यंत्राचे फर्मवेअर, त्याखाली चिप. तिथे सोर्स कोड मागण्याची सोय बहुतेक वेळा नसतेच.

चिपचा विषय निघाला की रिस्क-व्ही पुढे येते. खुल्या आराखड्याची ही प्रोसेसर पद्धती भारताच्याही जवळची. आयआयटी मद्रासमधला शक्ती प्रोसेसर तिच्यावरच बेतलेला आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तिला अधिकृत स्थान दिले. खुल्या चिपवर मुळापासून बांधलेली यंत्रणा चालावी, असे या मंडळींना वाटणे ओघानेच आले. पण जीसीसीला रिस्क-व्ही कळू लागली २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून, आणि निव्वळ सी मधून बांधता येणारी मालिका ४.७ लाच संपली. जो जीसीसी बांधता येतो त्याला ही चिप ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो बांधता येत नाही. नेदरलँड्सच्या एनएलनेट फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ४.६.४ या जुन्या आवृत्तीत रिस्क-व्हीची जाण मागाहून घालण्याचे काम हाती घेतले गेले, त्याच्या जोडीने मेस आणि टायनीसीसीलाही ती चिप शिकवावी लागली. उद्या येणाऱ्या दर नव्या प्रोसेसर पद्धतीसाठी हेच पुन्हा करावे लागेल, जोवर कुणी आजच्या सी++ जीसीसीला थेट बांधू शकणारा छोटा कंपायलर लिहीत नाही.